काच, सिलेन आणि हवेतलं पाणी : एका प्रकल्पाच्या नोंदी

३ एप्रिल

आजपासून ही नवी वही. सुट्या कागदांवर लिहिलेले आकडे नंतर सापडत नाहीत, हे मागच्या वर्षी दोनदा अनुभवलं. सरांनी वही हातात दिली आणि म्हणाले, "चुकलेलंही लिहायचं. तेच जास्त लिहायचं."

काम एवढंच, की साध्या मायक्रोस्कोप स्लाइडवर अँटिबॉडी, म्हणजे एक ठरावीक रेणू ओळखून धरणारं प्रथिन, बसवायची. ती धुतली तरी निघायला नको, आणि बसल्यावर आपलं काम विसरायला नको. पुढे याच काचेवर शेंगदाण्यातलं, मक्यातलं अफ्लाटॉक्सिन ओळखायचा विचार आहे. परतीच्या पावसात भिजलेला मका मोंढ्यात येतो तेव्हा त्यावरची हिरवट बुरशी, ॲस्परजिलस फ्लेव्हस, आडत्यालाही दिसते आणि शेतकऱ्यालाही. तिने सोडलेलं विष मात्र कुणालाच दिसत नाही. तो रेणू फार लहान, त्याची चाचणी स्पर्धा लावून करावी लागते. ते नंतर. आधी सोपी जोडी : शेळीत तयार केलेली, सशाच्या आयजीजीविरुद्धची (आयजीजी म्हणजे रक्तातली नेहमीची अँटिबॉडी) अँटिबॉडी काचेवर बसवायची. वरून पेरॉक्सिडेज एन्झाइम जोडलेलं सशाचं आयजीजी सोडायचं. पकडलं गेलं तर टीएमबी हे रंग देणारं रसायन निळं होतं.

लॅबच्या मामांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे शेळीनं ससा धरायचा. धरंल का?"

६ एप्रिल

काच धुण्यात दिवस गेला. धुण्याला इतकं महत्त्व का, हे एमएस्सीच्या पोरीला सांगताना माझंही डोकं साफ झालं. काचेच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट असतात, म्हणजे सिलिकॉनला धरून बसलेले ओएच. सिलेनला, म्हणजे काच आणि अँटिबॉडी यांना जोडणाऱ्या रसायनाला, धरायला जागा एवढीच. पण पाकिटातून काढलेल्या स्लाइडवर हाताचं तेल, पॅकिंगचा चिकटा, हवेतली घाण असं सगळं बसलेलं असतं. त्या थरावर सिलेन लावणं म्हणजे धुळीवर रंग देणं.

बहुतेक लेखांत यासाठी पिरान्हा वापरतात : तीन भाग तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आपण करायचं नाही, असं ठरलं. ते मिश्रण स्वतःच तापतं, थोडं जरी ॲसिटोन किंवा अल्कोहोल त्यात गेलं तर स्फोट होऊ शकतो, आणि बंद बाटलीत ठेवलं तर गॅस साठून बाटली फुटते. आमच्या फ्यूम हूडचा, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा कधी चालतो, कधी नुसता आवाज करतो. त्याच्या भरवशावर पिरान्हा नको.

म्हणून दुसरी रीत. मेथॅनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड समभाग, त्यात अर्धा तास. मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन तीव्र सल्फ्युरिक ॲसिडात अर्धा तास. मग पुन्हा पाणी, पाणी, पाणी. चाचणी डोळ्यांनीच होते. पाण्याचा थेंब टाकला की तो थेंब राहता कामा नये, चादरीसारखा पसरला पाहिजे. २० पैकी १७ स्लाइडवर पसरला. तिघींवर फुगून बसला, त्या पुन्हा टबात.

८ एप्रिल

डिस्टिल्ड पाणी संपलं. आमचा प्लांट एक लिटर देतो तेव्हा कंडेन्सरमधून दहाएक लिटर पाणी नुसतं वाहून जातं. मामांनी त्याच्या नळीखाली पिंप ठेवलंय, ते पाणी मागच्या लिंबाच्या झाडांना जातं. बोअरचं पाणी इतकं जड, की हीटरच्या कॉइलवर महिन्यात पांढरा खपला चढतो. आज तो व्हिनेगरमध्ये बुडवून काढला.

लातुरात राहून पाणी उधळायला हात धजत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने इथे पाणी आलं, ती गाडी बघायला आम्ही अकरावीतली पोरं स्टेशनवर गेलो होतो. आणि आता एका स्लाइडला सहा वेळा धुवायचं, असं मीच वहीत लिहिते.

१० एप्रिल

सिलेनची बाटली उघडली. पूर्ण नाव ३-अमायनोप्रोपिलट्रायइथॉक्सीसिलेन, सगळे 'ॲप्टेस' म्हणतात. वास अमोनियाचा, मागून थोडा माशाचा.

या रेणूला दोन टोकं आहेत. एका टोकाला सिलिकॉन आणि त्यावर तीन इथॉक्सी गट. पाणी भेटलं की हे गट सुटतात, इथेनॉल बाहेर पडतं, सिलिकॉनवर ओएच येतात, आणि ते काचेच्या ओएचशी जुळून पाणी सोडत सिलॉक्सेन बंध करतात. दुसऱ्या टोकाला अमाईन, म्हणजे नायट्रोजनचा गट, ज्याला नंतर अँटिबॉडी बांधायची. खोच अशी, की ते ओएच काचेशीच जुळतील असं नाही. शेजारच्या सिलेनशीही जुळतात. पाणी जास्त झालं की रेणू काचेपर्यंत पोचण्याआधी एकमेकांतच गुंततात. शिवाय अमाईन स्वतःच या क्रियेला ढकलतं. म्हणून ॲप्टेस इतर सिलेनांपेक्षा उतावळं.

बाटली मोठी आहे. पुन्हा पुन्हा उघडू नये म्हणून एकेक मिलिलिटरच्या छोट्या वायलमध्ये वाटून पॅराफिल्म लावून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांच्या बंद भांड्यात, ठेवली. लेबलवर आजची तारीख.

द्रावक कोणता? कितीतरी ठिकाणी ॲसिटोन लिहिलेलं असतं, आपल्याकडेही ते भरपूर आहे. सरांनी खोडून टोल्युईन लिहिलं. ॲसिटोन हा कीटोन, आणि प्राथमिक अमाईन कीटोनशी जुळून इमाईन करतं. ज्या अमाईनसाठी हा सगळा खटाटोप, तेच द्रावकाला कशाला द्यायचं?

११ एप्रिल

पहिला घाणा. २ टक्के ॲप्टेस टोल्युईनमध्ये, कॉप्लिन जारमध्ये पाच स्लाइड, अर्धा तास. मग टोल्युईनने दोनदा, इथेनॉलने दोनदा धुणं, हूडमध्ये पूर्ण वाळवणं, आणि ११० अंशांवर अर्धा तास ओव्हन. टोल्युईनने ओली स्लाइड ओव्हनमध्ये ठेवायची नाही. त्याची वाफ सामान्य तापमानालाही पेट घेते. हे वहीत लाल पेनाने लिहिलंय आणि ओव्हनच्या दारावरही चिकटवलंय.

ओव्हन ९० वर पोचला आणि लाईट गेली. दीड तासाने आली. स्लाइड टाकून दिल्या नाहीत, पण त्यांच्या खाली 'अर्धवट' असं लिहून ठेवलं.

१४ एप्रिल

जयंती. कॉलेज बंद. मिरवणुकीत पोरांबरोबर नाचून पाय दुखतात, आणखी काही नोंद नाही.

१६ एप्रिल

नवीन पाच स्लाइड, लाईट शहाण्यासारखी राहिली. मोबाइल स्टँडवर आडवा ठेवून थेंबाचे फोटो काढले आणि छापलेल्या कोनमापकावर कोन मोजला. नुसत्या धुतलेल्या काचेवर १० अंशांच्या आत, सिलेननंतर ५० ते ५६. थर बसल्याची ही खूण, तो चांगला बसल्याची नाही.

मग ग्लुटारल्डिहाइड. २५ टक्क्यांच्या बाटलीतून दहापट पातळ करून २.५ टक्के, एक तास. त्याच्या दोन्ही टोकांना अल्डिहाइड. एक टोक काचेवरच्या अमाईनला धरतं, दुसरं मोकळं राहून अँटिबॉडीतल्या लायसीनची, म्हणजे प्रथिनातल्या अमाईनवाल्या दुव्याची, वाट बघतं. डोळ्यांना झोंबतं, हूडशिवाय उघडू नये. आणि नंतर नीट धुवावं. राहिलेलं ग्लुटारल्डिहाइड अँटिबॉडीलाच एकमेकीत बांधून गोळे करतं.

मेणाच्या पेन्सिलने ८ मिलिमीटरची वर्तुळं, प्रत्येकात २० मायक्रोलिटर अँटिबॉडी, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे वर्तुळाला १ मायक्रोग्रॅम. हिशेब केला : आयजीजीचा एक भरलेला थर साधारण चौरस सेंटिमीटरला २०० ते ५०० नॅनोग्रॅम. आमचं वर्तुळ अर्ध्या चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे जास्तीत जास्त पाव मायक्रोग्रॅम पुरे. चौपट देतोय. महाग बाटली आहे, पण सध्या असू दे.

ओल्या पेटीत, ४ अंशांवर रात्रभर.

१७ एप्रिल

काहीही नाही. एकही वर्तुळ निळं नाही. कंट्रोल आणि खरी स्लाइड, दोन्ही सारख्याच कोऱ्या.

१९ एप्रिल

कारण सापडलं, आणि ते लिहायला लाज वाटते. अँटिबॉडी पातळ करायला मी ज्या बाटलीतला बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, घेतला, तिच्यावर नुसतं 'बफर ७.४' लिहिलं होतं. तो ट्रिस निघाला. ट्रिस म्हणजे स्वतःच अमाईन. अल्डिहाइडच्या सगळ्या जागा त्या लहान चपळ रेणूंनी आधीच भरून टाकल्या, आणि दीड लाख डाल्टनची अँटिबॉडी दारात उभी. ग्लायसीनचंही असंच. आता पीएच कितीही बरोबर असला तरी बाटलीवर बफरचं नाव पाहिजे.

अँटिबॉडीच्या मूळ बाटलीतही काय आहे ते वाचलं. सोडियम अझाइड ०.०९ टक्के. अझाइड पेरॉक्सिडेजला मारतं, म्हणजे शेवटच्या टप्प्यात राहिलं तर निळं होणारच नाही. डायलिसिस करून घ्यायचं ठरवलं, फॉस्फेट बफरमध्ये, थंडीत, दोनदा बफर बदलून. पुढची बाटली मागवताना बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं प्रथिन, नसलेली मागवायची. बीएसए डायलिसिसच्या पिशवीतून जात नाही आणि तेही लायसीनने भरलेलं असतं.

२४ एप्रिल

निळं! सगळी वर्तुळं, पाच मिनिटांत, गडद. पोरीने मोबाइलवर फोटो काढले, मामांनी चहा सांगितला. शेळीने ससा धरला.

सरांनी स्लाइड उजेडात धरून पाहिली. चहाचा घोट घेतला. "ग्लुटारल्डिहाइड न लावलेली कुठंय?"

नव्हती.

२७ एप्रिल

ती केली. तीही निळी. थोडी फिकट, पण निळीच.

म्हणजे २४ तारखेचा आनंद बिनबुडाचा. ॲप्टेस लावलेल्या काचेवर पीएच ७.४ ला अमाईन धनभारित असतात. बऱ्याच अँटिबॉडी त्या पीएचला थोड्या ऋणभारित असतात, शिवाय प्रथिनं तशीही चिकटतात. अँटिबॉडी नुसती विद्युत ओढीने जाऊन बसली होती. बंध एकही असेल किंवा नसेल, हे त्या स्लाइडवरून कळायचा मार्गच नव्हता. मी इतके दिवस बंधाच्या गोष्टी करत होते आणि पुरावा चिकटण्याचा होता.

रात्री झोप आली नाही असं काही झालं नाही. पण जेवताना आईने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

४ मे

चिकटलेलं आणि बांधलेलं वेगळं करायचं. तीन गोष्टी बदलल्या. अँटिबॉडीनंतर राहिलेल्या अल्डिहाइडवर इथॅनॉलअमाईन. मग १ टक्का बीएसए एक तास, म्हणजे मोकळ्या जागा भरल्या जातात. आणि धुण्याच्या बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२०, हा सौम्य साबण. शिवाय एका जोडीला अँटिबॉडी बसवल्यावर ०.१ टक्के एसडीएसने, म्हणजे तीव्र साबणाने, पाच मिनिटं धुतलं. कडक धुणं, त्याने अँटिबॉडी बिघडण्याचीही भीती असते, म्हणून रोजच्या रीतीत नाही, फक्त तपासायला.

वाचन, म्हणजे रंग किती गडद याचा आकडा, ४५० नॅनोमीटरवर, वर्तुळातलं द्रव सल्फ्युरिक ॲसिडने थांबवून प्लेटमध्ये काढून. पूर्ण रीत १.१२. ग्लुटारल्डिहाइडशिवाय ०.३१. नुसती काच, पण बीएसए लावलेली, ०.०९. एसडीएसनंतर पूर्ण रीत ०.७४, ग्लुटारल्डिहाइडशिवाय ०.१२.

हे पाच आकडे मला २४ एप्रिलच्या निळ्यापेक्षा जास्त आवडले.

अल्डिहाइड आणि अमाईन यांचा बंध, म्हणजे शीफ बेस, उलटू शकतो, तो पक्का करायला सोडियम सायनोबोरोहायड्राइड वापरतात. ॲसिडशी गाठ पडली तर हायड्रोजन सायनाइड सुटतो. आमच्या हूडच्या पंख्याबद्दल वर लिहिलंच आहे. न वापरता निभलं तर बघू.

१८ मे

लॅबमध्ये ४० अंश. भिंतीवरचा आर्द्रतामापक १९ टक्के दाखवतो, तो बिघडलाय असं मला वाटलं, दुसरा आणून ठेवला, तोही २१. ओठ फुटलेत सगळ्यांचे.

आणि आजवरचा सर्वात चांगला संच. १२ वर्तुळं, सरासरी १.२१, प्रमाण विचलन ०.१०. म्हणजे ८ टक्क्यांचा चढउतार, हाताने केलेल्या कामाला चांगलाच. काच आरशासारखी स्वच्छ. सर म्हणाले रीत बसली, आता लिहून काढ. काढली. दोन पानं, मिनिटासकट. त्यात हवेबद्दल एक शब्द नव्हता.

मे अखेर ते जून

परीक्षेची ड्युटी, पेपर तपासणी, चुलतभावाचं लग्न औशात. नोंद नाही.

११ जुलै

त्याच दोन पानांवरून, पोरीने एकटीने केलेला संच. स्लाइड धुरकट. बोट फिरवलं तर बोटावर पांढरं. थेंबाचे कोन ३८ पासून ७४ पर्यंत, एकाच स्लाइडवर. वाचन ०.४ ते १.५, ग्लुटारल्डिहाइडशिवायचा कंट्रोल ०.५८. धुताना तर एका वर्तुळातून साय निघावी तसा पापुद्रा निघाला आणि अँटिबॉडी त्याच्याबरोबर गेली.

१३ जुलै

मी पुन्हा केला. तसाच.

इथे एक लिहायला हवं. ११ तारखेला मी पोरीला म्हणाले होते की काच नीट धुतली नसशील. आज माझ्या हातूनही तेच झालं तेव्हा तिने काही म्हटलं नाही, नुसती कॉप्लिन जार धुवायला घेतली. मीच तिला म्हणाले, चूक तुझी नव्हती. "असू द्या ताई," म्हणाली.

संशयितांची यादी : ॲप्टेसची वायल, टोल्युईन, काचेचा नवा बॉक्स, ओव्हन. रोज एक बदलून बघते.

१९ जुलै

जुनी वायल, नवी वायल, जुन्या बॉक्समधल्या स्लाइड, नव्या बॉक्समधल्या. सगळं धुरकट. ओव्हनचं तापमान दुसऱ्या थर्मामीटरने बघितलं, ठीक.

दुपारी मामा डेसिकेटर पुसत होते. म्हणाले, "ताई, हे निळे खडे गुलाबी झालेत. असंच ऱ्हायचं असतं का?"

सिलिका जेल. कोरडं असताना निळं, पाणी प्यायलं की गुलाबी. पूर्ण गुलाबी, म्हणजे केव्हाच पोट भरलेलं. आमच्या वायली त्यातच ठेवल्या होत्या. वर बघितलं, आर्द्रता ८४ टक्के. खिडकीबाहेर सकाळपासून बारीक रिपरिप.

मी त्यांना उन्हाळ्यात जमलेलं आता का जमत नाही ते सांगायला लागले, तर ते मधेच म्हणाले, "उन्हाळी काम पावसाळ्यात करायलात ताई तुमी. कुरडया कुणी आषाढात घालतं का?" आणि खडे ओव्हनमध्ये ठेवायला घेऊन गेले.

मे महिन्यात आमची रीत चांगली नव्हती. हवा चांगली होती. लातूरची ती कोरडी झळ, जिला आम्ही शिव्या देत होतो, ती टोल्युईनच्या जारवर फुकट पहारा देत होती.

२४ जुलै

नुसती समजूत नको म्हणून मुद्दाम प्रयोग. चार जार, सगळीकडे २ टक्के ॲप्टेस.

पहिल्यात टोल्युईन मॉलिक्युलर सीव्हवर, म्हणजे पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर, दोन दिवस ठेवलेलं, आणि स्लाइड १५० अंशांच्या ओव्हनमधून थेट कोरड्या पेटीत गार केलेल्या. दुसऱ्यात तेच टोल्युईन, पण स्लाइड तासभर खोलीच्या हवेत ठेवलेल्या. तिसऱ्यात जूनपासून रोज उघडली जाणारी टोल्युईनची बाटली. चौथ्यात तीच बाटली, वर पाण्याचा एक थेंब टाकून हलवलेली.

चौथा जार दहा मिनिटांत दुधासारखा, तळाशी चिकट गाळ. सिलेनने पाणी घेतलं, एकमेकांत गुंतलं, आणि झालेला गुंता टोल्युईनमध्ये विरघळेना. तिसऱ्यात द्रावण स्वच्छ दिसत होतं पण स्लाइडवर हलकी साय. दुसरा छान, वाचन १.०९. पहिल्याबद्दल माझा अंदाज चुकला. मला वाटलं होतं, सर्वात कोरडा म्हणून सर्वात उत्तम. ०.६६, आणि थर तुकड्यातुकड्यांत.

सरांशी बोलले तेव्हा उलगडलं. इथॉक्सी गट सुटायला पाणी लागतंच. ते पाणी काचेच्या अंगावर, हवेतून बसलेल्या पातळ थरात असावं. द्रावणात असू नये. काचेवर असलं तर सिलेन तिथे जाऊन बांधलं जातं, द्रावणात असलं तर वाटेतच अडकतं. काच इतकी भाजून काढली तर तिच्याकडे द्यायला पाणीच उरत नाही.

२ ऑगस्ट

नायट्रोजनचं सिलिंडर नाही, ग्लोव्हबॉक्स तर नाहीच. दोन मार्ग आजमावले.

एक : रबरी कडेचा पारदर्शक धान्याचा डबा, आत भाजलेलं सिलिका जेल, आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप जेलने भरलेल्या नळीतून हवा आत सोडतोय. आत आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंत आली, पण झाकण उघडलं की दोन मिनिटांत ६०. आणि टोल्युईनच्या वाफेजवळ ठिणगीचा पंप, हे मला आवडलं नाही. बंद केलं.

दोन : वाफेवरचं सिलेन. डेसिकेटरमध्ये जाळीवर स्लाइड उभ्या, खाली वाटीत ॲप्टेसचे तीन थेंब, व्हॅक्यूम पंपाने हवा ओढून रात्रभर. द्रावक नाही, त्यामुळे गुंतायला जागा नाही. गुंता झाला तरी त्याची वाफ होत नाही, काचेपर्यंत एकेकटे रेणूच पोचतात. डेसिकेटरला बाहेरून चिकटपट्टीची जाळी केली, फुटला तर काचा उडू नयेत म्हणून. सकाळी टोल्युईन नाही, इथेनॉलने धुणं, ११० वर अर्धा तास.

स्लाइड स्वच्छ. पावसाळ्यात पहिल्यांदा.

१२ ऑगस्ट

वाफेच्या संचाचं वाचन १.०४, कंट्रोल ०.१५. मे महिन्यापेक्षा थोडं कमी. थर पातळ असल्यामुळे असेल, आणि तो कमी असूनही मला जास्त भरवशाचा वाटतो.

एक जुना प्रश्न उरतोच. लायसीन अँटिबॉडीच्या अंगभर असतात. ग्लुटारल्डिहाइडने बांधली की कोण उताणी, कोण पालथी, कोण कुशीवर. जिचे दोन हात काचेखाली दबले ती ससा कशाने धरणार? प्रोटीन-ए आधी बसवलं तर ते अँटिबॉडीचं शेपूट, एफसी, धरतं आणि हात वर राहतात. पण आमच्या जोडीत सशाचं आयजीजीही एफसीसकट येतं, प्रोटीन-ए त्यालाही धरेल आणि आम्हाला खोटं निळं दिसेल. शेळीपेक्षा सशाच्या आयजीजीला ते जास्त घट्ट धरतं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. अफ्लाटॉक्सिनच्या वेळी बघू, तिथे पकडायचा रेणू आयजीजी नसेल. दुसरा रस्ता थायोल सिलेनचा, म्हणजे अमाईनऐवजी गंधकाचा गट असलेल्या सिलेनचा. १९८९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या गटाने थायोल सिलेन आणि दोन वेगळ्या टोकांचा जोडक वापरून काचेवर अँटिबॉडी बसवली होती, ग्लुटारल्डिहाइडसारखे गोळे न होता. जोडक महाग आहे. सरांनी फाईलमध्ये एक अर्ज ठेवलाय.

३ सप्टेंबर

तीन आठवड्यांपूर्वी बनवलेल्या स्लाइड, कोरड्या, ४ अंशांवर. वाचन ताज्यांच्या जेमतेम ६० टक्के. ज्यांच्यावर वाळवण्याआधी ५ टक्के सुक्रोज लावलं होतं त्या ८८ टक्के. साखर प्रथिनाभोवतीच्या पाण्याची जागा घेते, वाळताना त्याची घडी मोडत नाही. बफरमध्ये ठेवलेल्या तिसऱ्या गटाची हालत वाईट : अँटिबॉडीपेक्षा खालचा सिलेनचा थरच पाण्यात सुटत असावा. ॲप्टेसचं अमाईन मागे वळून स्वतःच्याच सिलॉक्सेन बंधावर पाण्याला वाट करून देतं, ही त्याची जन्माची खोड.

म्हणजे बनवताना पाणी मोजून, आणि ठेवताना पाणी नकोच.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन, सव्वानऊला लॅब, कारण रात्रीचा डेसिकेटर उघडायचा होता आणि तो सुट्टी ओळखत नाही.

तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या हातांनी केलेले वाफेचे संच : मी, पोरगी, आणि दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा ज्याने आधी कधी पिपेट धरलं नव्हतं. एकूण ३६ वर्तुळं. सरासरी १.०८, विचलन ०.११. ग्लुटारल्डिहाइडशिवाय ०.१४. त्या मुलाचा संच तिघांत सर्वात एकसारखा, कारण तो घाबरून प्रत्येक पायरी वाचत होता.

बाहेर ऊन पडलं होतं, आत आर्द्रता ७१.

दोन पानांची रीत पुन्हा लिहिली, आता चार पानं झाली. पहिल्या ओळीत आर्द्रतेचा रकाना. पोरीने स्लाइडच्या प्रत्येक डब्यावरच्या लेबलमध्ये तारखेखाली तो आकडा घालायला सुरुवात केली आहे, मी सांगितलं नव्हतं.

मामांनी सिलिका जेलचा ट्रे ओव्हनमधून काढला, निळा. दर शनिवारी भाजायचा असं त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच खुणा करून ठेवलंय, डिसेंबरपर्यंत. सोमवारी अफ्लाटॉक्सिनच्या अँटिबॉडीची ऑर्डर जाते. बीएसए नसलेली, असं दोनदा अधोरेखित केलंय.